नव्वदावा दिवस: टाळेबंदीत पुण्यात अडकलेल्या एका परदेशी पाहुणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका महाविद्यालयात परदेशी विद्यार्थ्यांची कागदपत्रं बघणं हे माझं काम. नोंदणी, मुदतवाढ, पत्ता बदलला की त्याची नोंद, असलं सगळं. मार्च २०२० मध्ये आमच्याच विद्यार्थ्यांचे इतके फोन येत होते की बाहेरचं प्रकरण हातात घ्यायची माझी अजिबात तयारी नव्हती. पण २० तारखेला संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे काका जिना चढून वर आले. गुडघ्यांमुळे ते कधी वर येत नाहीत, खालूनच हाक मारतात. ते वर आले तेव्हाच काहीतरी गडबड आहे हे कळलं.

काका-काकूंकडे एक पाहुणी राहत होती. दक्षिण अमेरिकेतल्या एका देशाची, पन्नाशीच्या आतबाहेरची, योग शिकायला पुण्यात आलेली. मुलगा परदेशी गेल्यापासून त्यांची मागची खोली रिकामी होती, ती त्यांनी हिला दिली होती. भाडं नावापुरतं. काकू तिला पोळ्या लाटायला शिकवत आणि ती काकूंना सकाळी खांद्याचे व्यायाम. तिचा देश आणि घराचा पत्ता इथे सांगत नाही. तारखा मात्र सांगते, कारण या प्रकरणाचा जीव तारखांमध्येच आहे.

तिच्याकडे एक वर्षाचा ई-पर्यटक व्हिसा होता, नोव्हेंबर २०२० पर्यंतचा. मुंबई विमानतळावर प्रवेशाचा शिक्का २ जानेवारीचा. परतीचं तिकीट २९ मार्चचं.

अडचण

भारताने ११ मार्चला बहुतेक सगळे व्हिसा स्थगित करायचं ठरवलं आणि १३ मार्चपासून ते लागू झालं. ते बाहेरून येणाऱ्यांसाठी होतं, आत असलेल्यांना त्याची झळ नव्हती. मग १९ मार्चला जाहीर झालं की २२ तारखेपासून परदेशातून एकही नेहमीचं प्रवासी विमान भारतात उतरणार नाही. विमान येणारच नाही तर परत काय जाणार? दुसऱ्याच दिवशी तिचं तिकीट रद्द झाल्याचा निरोप आला.

काकांना चिंता होती ती तिकिटाची. "अगं, व्हिसा नोव्हेंबरपर्यंत आहे तिचा, राहू दे की आमच्याकडे," असं ते म्हणाले. मी पासपोर्ट मागवला आणि शिक्का बघितला. व्हिसावरची तारीख आणि मुक्कामाची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक वर्षाच्या ई-पर्यटक व्हिसावर बहुतेक देशांच्या नागरिकांना एका खेपेत सलग ९० दिवसच राहता येत असे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जपान यांना १८० दिवसांची सवलत होती. ही त्या चौघांत नव्हती.

तिने मनाशी 'तीन महिने' धरले होते, म्हणजे २ एप्रिल. मी बोटांवर मोजलं: जानेवारीचे ३०, लीप वर्ष म्हणून फेब्रुवारीचे २९, मार्चचे ३१. नव्वदावा दिवस ३१ मार्चला भरत होता. हातात अकरा दिवस.

दुसरी अडचण पाहुणीची नव्हती, काकांची होती. "तुम्ही सी-फॉर्म कधी भरलात?" असं विचारलं तेव्हा काकूंनी काकांकडे बघितलं आणि काकांनी पंख्याकडे. परदेशी माणूस घरी उतरला की चोवीस तासांत या फॉर्मवर त्याची माहिती परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाला द्यायची असते. नियम हॉटेलला आहे तसाच घरालाही आहे. पण "पाहुणी आहे ती, आपण काय लॉज चालवतोय का" अशा समजुतीत अडीच महिने गेले होते. मुदतवाढीच्या अर्जाला राहण्याच्या पत्त्याचा पुरावा आणि सी-फॉर्म लागतोच. म्हणजे तिची सुटका काकांच्या चुकीतून जात होती. काकांनी आयुष्यभर सरकारी नोकरी केली, पेन्शन घेतात. 'पोलीस' हा शब्द निघाल्यावर ते गप्प झाले ते झालेच.

मुदत ओलांडली तर काय होतं हेही त्यांना सांगावं लागलं. त्या वेळच्या १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात जादा मुक्कामाला पाच वर्षांपर्यंत कैद होती. व्यवहारात थोड्या दिवसांसाठी कुणी तुरुंगात जात नाही. ९० दिवसांपर्यंतच्या जादा मुक्कामाला ३०० डॉलर भरून, देशाबाहेर जायची परवानगी घेऊन सुटता येत असे. पण नोंद राहते, आणि दर दोन-तीन वर्षांनी पुण्याला येणाऱ्या बाईला ३०० डॉलरपेक्षा ती नोंद महाग पडणार होती.

पर्याय

त्या रात्री आम्ही चौघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. पाहुणी इंग्रजी जेमतेम बोलायची, काकू तिच्याशी मराठीतच बोलायच्या, आणि नवल म्हणजे दोघींचं सगळं जमायचं.

पहिला विचार पळायचा. रात्रीच गाडी करून मुंबई गाठायची आणि मिळेल त्या विमानाने निघायचं. पण भारतातून दक्षिण अमेरिकेला थेट विमान नाही. मध्ये एक-दोन ठिकाणी उतरावंच लागतं. युरोपीय संघाने १७ मार्चला बाहेरच्यांसाठी सीमा बंद करायचं ठरवलं होतं, आखातातलं चित्र रोज बदलत होतं. पुण्यातल्या खोलीत अडकणं आणि अनोळखी विमानतळाच्या बाकावर अडकणं यात निवड करायची होती. तिने एका मिनिटात खोली निवडली. मला हा निर्णय तेव्हाही बरोबर वाटला आणि आजही वाटतो.

नेपाळला जाऊन यायचं, म्हणजे परत आल्यावर ९० दिवस नव्याने सुरू, असं तिच्या वर्गातल्या कुणीतरी सुचवलं होतं. एरवी लोक तसं करत. पण व्हिसा स्थगित असताना बाहेर पडलेला माणूस परत आत येणार नव्हता, तेव्हा तो विषय तिथेच संपला.

तिसरा पर्याय एका एजंटाचा. 'मेडिकल' करून देतो, म्हणजे आजारपणाचा दाखला जोडून मुदत वाढवून देतो, पंधरा हजार रुपये. काका क्षणभर विरघळले, कारण या वाटेने सी-फॉर्मचा विषय टळेल अशी त्यांना आशा होती. मी सरळ नाही म्हटलं. साथीच्या दिवसांत खोटा आजार कागदावर आणणं म्हणजे आपणहून विस्तवावर पाय ठेवणं. शिवाय पत्त्याचा प्रश्न त्यातही सुटत नव्हता.

उरले दोन मार्ग: गप्प बसून सरकारी सवलतीची वाट बघायची, किंवा लगेच ऑनलाइन अर्ज करायचा. वरवर बघता दुसराच शहाणपणाचा. पण एक मेख होती, आणि त्यावर मी दोन रात्री घालवल्या. पर्यटनाचा ई-व्हिसा एरवी वाढवूनच मिळत नाही. सवलतीचा आदेश निघायच्या आधी अर्ज केला आणि तो नेहमीच्या नियमाने फेटाळला गेला तर? भारताच्या व्हिसा अर्जात प्रश्न असतो: यापूर्वी तुम्हाला भारतात येण्याची किंवा मुदतवाढीची परवानगी नाकारली गेली आहे का? एकदा नकार पडला की पुढे प्रत्येक वेळी तिथे 'हो' लिहावं लागणार. घाईने केलेला अर्ज पुढची वाट अडवू शकत होता, आणि न केलेला अर्ज ३१ मार्चला तिला नियमाबाहेर ढकलणार होता.

मी ठरवलं ते असं: अर्ज पूर्ण भरून, कागद जोडून तयार ठेवायचा, पण 'सादर करा' दाबायचं नाही. आदेश निघाला तर त्याच दिवशी दाबायचं. नाही निघाला तर ३० मार्चला दाबायचं, मग नकार आला तर आला. मुदतीच्या आत अर्ज केल्याची पावती हातात असणं हे नकारापेक्षा मोठं, असा माझा हिशेब होता.

काय केलं

आधी सी-फॉर्म. घरमालकाला त्यासाठी ऑनलाइन खातं उघडावं लागतं आणि त्या खात्याला नोंदणी कार्यालयाची मंजुरी लागते. काकांचं खातं २१ तारखेला भरलं. उशिराचं कारण काय लिहायचं यावर तासभर वाद झाला. काकांचं म्हणणं, येण्याची तारीखच परवाची टाकू. मी म्हटलं, "काका, पासपोर्टवर शिक्का जानेवारीचा आहे. मधले अडीच महिने ती कुठे होती हा पुढचा प्रश्न येईल, त्याला काय सांगणार?" शेवटी खरी तारीख टाकली आणि सोबत साध्या भाषेत पत्र जोडलं: नियम माहीत नव्हता, कळताच भरत आहोत. त्या पत्रावर सही करताना काकांचा हात थरथरत होता, हे लिहायला मला आवडत नाही, पण तसं झालं खरं.

२२ ला जनता कर्फ्यू, २५ पासून देशभर टाळेबंदी. झेरॉक्सची दुकानं बंद झाली. स्कॅन मोबाइलवर काढले, फोटोची पार्श्वभूमी पांढरी हवी म्हणून काकूंनी दारामागे चादर धरली. खात्याला मंजुरी २७ ला आली आणि त्याच संध्याकाळी सी-फॉर्म गेला.

दुसऱ्या दिवशी, २८ मार्चला, आदेश आला. १३ मार्च ते १५ एप्रिल या काळात ज्यांचा व्हिसा किंवा मुक्कामाची मुदत संपते त्यांना १५ एप्रिलपर्यंत विनाशुल्क मुदतवाढ, ई-व्हिसाही त्यात. फक्त एक अट: ऑनलाइन अर्ज केल्यावर. मी ते वाक्य तीनदा वाचलं. बातम्यांमध्ये मथळा होता 'परदेशी नागरिकांच्या व्हिसाला मुदतवाढ', आणि आमच्याच विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांनी तो मथळा वाचून 'आता काही करायला नको' असं ठरवलं होतं. मुदतवाढ आपोआप नव्हती, मागितल्यावर होती.

अर्ज त्याच रात्री गेला. दोन दिवसांनी कार्यालयाकडून शंका आली, अपेक्षेप्रमाणे सी-फॉर्म इतक्या उशिरा का. काकांचं पत्र पुन्हा जोडलं, सोबत घराच्या वीजबिलाची प्रत. ३ एप्रिलला मंजुरीचा मेल आला. काकांना बोलावणं आलं नाही, दंड झाला नाही. बातमी ऐकल्यावर ते देवघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दुसरी फेरी मला जास्त शिकवून गेली. ११ एप्रिलला महाराष्ट्राने टाळेबंदी ३० एप्रिलपर्यंत वाढवली. म्हणजे १५ तारखेला ती जाऊ शकणार नाही हे आम्हाला कळलं होतं, पण व्हिसाचा नवा आदेश निघाला नव्हता. पाहुणी म्हणाली थांबू या. तिचा एक मित्र थायलंडमध्ये अडकला होता आणि तिथे सरकारने नुकतीच सगळ्यांना आपोआप मुदतवाढ दिली होती, अर्जाशिवाय. तिथे एरवी जादा मुक्कामाला दिवसाला ५०० बाथ दंड, तोही माफ. तिच्या ग्रुपवर रोज हेच चाललेलं: अर्ज कशाला करता, काही लागत नाही. बोलणाऱ्यांचं खोटं नव्हतं, फक्त देश दुसरा होता.

मी १३ एप्रिललाच अर्ज करायला लावला. पहिल्या वेळची नकाराची भीती आता कमी होती, कारण एकदा मंजुरी मिळालेली. १४ ला देशाची टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढली. व्हिसाचा आदेश मात्र १७ ला आला. १ फेब्रुवारी ते ३ मे दरम्यान संपणाऱ्या सगळ्या मुदती त्यात घेतल्या. १५ आणि १७ यांच्या मधले दोन दिवस ती कागदावर कुठेच नव्हती. तिच्याकडे होता तो फक्त अर्जाचा क्रमांक. त्या दोन दिवसांत रस्त्यावर कुणी हटकलं असतं तर दाखवायला तेवढा एकच आधार होता. ती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा गेली नाही.

मेमध्ये हेच पुन्हा. ३ तारखेला मुदत संपली, ५ ला आदेश आला: आंतरराष्ट्रीय प्रवासावरची बंदी उठल्यानंतर ३० दिवसांपर्यंत मुदतवाढ, पुन्हा विनाशुल्क, पुन्हा अर्जावर. आम्ही २ मेलाच अर्ज केला होता. तो शेवटपर्यंत प्रलंबितच राहिला.

दरम्यान दूतावासाकडे नाव नोंदवलं होतं. पर्यटन मंत्रालयाने ३१ मार्चला अडकलेल्यांसाठी संकेतस्थळ सुरू केलं, तिथेही माहिती भरली. या सगळ्याने विमान येत नाही, पण यादीत नाव येतं.

निकाल

१ जूनला दूतावासाचा मेल आला. ९ जूनला मुंबईहून खास विमान, युरोपमार्गे. तिकीट तिच्या नेहमीच्या भाड्याच्या दुपटीहून जास्त. तिने काकूंना न सांगता सोनसाखळी विकायचा विचार केला होता, तो काकूंनी हाणून पाडला. पुढचं मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही.

आता बाहेर जायची परवानगी. शेवटची मंजूर मुदत ३ मेची, त्यानंतरचा अर्ज प्रलंबित. नुसत्या आदेशाच्या बळावर विमानतळावर जायचं की वेगळी परवानगी काढायची? मी परवानगीच्या बाजूने होते. प्रवेशाचा शिक्का आणि आजची तारीख यांच्यात शंभराहून जास्त दिवस बघणाऱ्या माणसाला सरकारी आदेशाची बातमी दाखवून भागत नाही. अर्ज २ जूनला केला. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकलं, पुण्यात झाडं पडली, आमच्या भागातली वीज आणि इंटरनेट दोन्ही गेलं. नेमकी त्या दिवशी अर्जावर शंका आली होती: विमानाच्या तिकिटाची प्रत जोडा. आम्हाला ती ४ ला दुपारी दिसली. ६ ला परवानगी आली.

जिल्ह्याबाहेर जायला पास लागत होता. दूतावासाच्या पत्रावर पाहुणीचा मिळाला. रिकामी गाडी घेऊन परत येणाऱ्या चालकाचा वेगळा काढायचं मात्र राहिलं होतं, ते ८ च्या संध्याकाळी लक्षात आलं. त्याने निघण्यापूर्वी मला जे ऐकवलं ते योग्यच होतं.

विमान कंपनीच्या खिडकीवर तिला थांबवलं. २ जानेवारीपासून तो १६० वा दिवस होता. तिने फाइल उघडली: दोन मंजुऱ्या, तिसऱ्या अर्जाची पावती, बाहेर जायची परवानगी, सगळं महाविद्यालयाच्या प्रिंटरवर काढलेलं, तारखेच्या क्रमाने लावलेलं. दहा मिनिटं लागली. दंड नाही, शेरा नाही.

पुन्हा वेळ आली तर

पहिली चूक जानेवारीतली, आणि ती काकांच्या एकट्याची नाही. मी त्याच इमारतीत राहते, हेच काम करते, जिन्यात तिला रोज भेटत होते. एकदा तरी विचारायला हवं होतं. सी-फॉर्म वेळेत असता तर २८ ची रात्र सोपी गेली असती आणि काकांचे आठ दिवस वाचले असते.

'अर्ज तयार ठेवा, पण पाठवू नका' हा माझा निर्णय पुन्हा तपासला तर मी थोडी डळमळते. २८ ला आदेश आला म्हणून तो शहाणपणाचा दिसतो. आदेश १ एप्रिलला आला असता तर ३० मार्चच्या अर्जाचं काय झालं असतं हे सांगता येत नाही. मात्र एक गोष्ट आज वेगळी करेन: २० मार्चलाच नोंदणी कार्यालयाला एक साधा मेल टाकेन, तिकीट रद्द झाल्याचा निरोप जोडून. मेल म्हणजे अर्ज नव्हे, त्याला नकार मिळत नाही, पण तारीख पडते. हे तेव्हा सुचलं नाही.

तिकीट रद्द झाल्याचा तो निरोपही आम्ही जवळजवळ घालवला होता. विमान कंपनीने पैशांऐवजी पुढच्या प्रवासाचं कुपन दिलं आणि ते स्वीकारल्यावर जुनं आरक्षण तिच्या खात्यातून दिसेनासं झालं. सुदैवाने पहिल्या दिवशीच मी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवला होता. ती वेळेत निघणार होती याचा एवढाच पुरावा.

नियम नंतरही बदलत गेले. जून २०२० च्या अखेरीच्या आदेशात संपलेली मुदतही चालू आहे असं धरलं, तरी अडकलेल्यांना दर महिन्याला अर्ज करावा लागे. ती अट ४ जून २०२१ ला गेली. तेव्हापासून अर्जाची गरज उरली नाही, फक्त जाताना परवानगी. नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं २७ मार्च २०२२ ला सुरू झाली. १९४६ चा कायदाही आता राहिला नाही; १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा आला. घरात परदेशी माणूस ठेवणाऱ्याने कळवायचं, हे त्यातही आहेच.

पाहुणी २०२३ च्या हिवाळ्यात परत आली. व्हिसा अर्जातल्या त्या प्रश्नासमोर तिने 'नाही' लिहिलं. ती आली त्या दिवशी संध्याकाळी साडेसातला काकांची खालून हाक आली. सी-फॉर्म भरून झाला होता. पावती कुठे ठेवायची एवढंच विचारायचं होतं.